इंग्रजीच्या तासाला गटकार्य: चौघांत एकच बोलतो, त्याचं काय करायचं?

तिसरा बाक

प्रथम वर्ष कला-वाणिज्यचा आवश्यक इंग्रजीचा तास डोळ्यांसमोर ठेवून हा धागा काढतोय. पट ८४, रोजची हजेरी सत्तरच्या आसपास. तास ५० मिनिटांचा, त्यातली आठ हजेरी आणि स्थिरस्थावर होण्यात जातात. बाक लांब, जमिनीला ठोकलेले, एकेकावर तिघं. बरीचशी मुलं मराठी माध्यमातली, काही सेमीची, पाच-सात इंग्रजी माध्यमाची.

आधी हिशोब. उरली ४२ मिनिटं. शिक्षक पूर्ण गप्प बसले आणि प्रत्येकाला पाळीने बोलायला उभं केलं, तरी माणशी ३६ सेकंद येतात. तेच १२ मिनिटं चौघाचौघांत बोलू दिलं तर माणशी तीन मिनिटं. एवढ्या एका कारणासाठी गटकार्य हवंच.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात 'डिस्कस इन ग्रुप्स' म्हटलं की बरं इंग्रजी येणारा एक जण कागद ओढून लिहायला लागतो, दुसरा त्याच्या कागदात बघत बसतो, उरलेले दोघं कँटीनच्या वड्यावर चर्चा करतात. शेवटी तोच पहिला उभा राहून वाचून दाखवतो आणि बाई म्हणतात, 'व्हेरी गुड.'

तर जाणकारांनी सांगा: गट किती जणांचा, कुणाला कुणाबरोबर बसवायचं, काम कसलं द्यायचं, मराठी चालू द्यायचं का, आणि गुण कसे द्यायचे? 'मुलांना प्रोत्साहन द्या' छापाचे सल्ले नकोत, ते परिपत्रकात मिळतात.

खडूची पूड

शेवटच्या वाक्याला दणदणीत अनुमोदन.

गट चारचा. चौघांत बोलण्याच्या जोड्या होतात सहा, सहा जणांत पंधरा, आठ जणांत अठ्ठावीस. सहाच्या पुढे गेलं की माणसं आपोआप दोन कंपू करतात किंवा एकाचं भाषण ऐकतात. तिघांचा गटही चांगला, पण तिघांत दोघांचं जमलं की तिसरा बाहेर पडतो.

तरी संख्या हा दुय्यम मुद्दा. तुमच्या वर्णनातला रोग कामाच्या रचनेत आहे. 'मोबाइलचे फायदे-तोटे यावर चर्चा करा' हे काम एकट्याला पूर्ण करता येतं. मग बाकीचे कशाला तोंड उघडतील? आयत्या बिळावर नागोबा होण्यात मुलांचा दोष नाही, बीळ आपणच खणून दिलंय.

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ती निरीक्षणं १९१३ मध्ये छापली गेली. ओढणारे वाढले की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर घटतो. १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणं, ओरडणं अशा कामांवर तेच दाखवलं. ज्याचा वाटा वेगळा दिसत नाही तो ढिला पडतो. त्यावर उपदेशाचा उपयोग नाही. प्रत्येकाचा वाटा दिसेल आणि त्याच्यावाचून अडेल, असंच काम आखावं लागतं.

अडेल कसं? प्रत्येकाच्या हातात माहितीचा असा तुकडा द्यायचा जो दुसऱ्या कुणाकडे नाही. एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत हेच केलं, 'जिगसॉ' (तुकडे जुळवून चित्र करायचं कोडं) हे नाव तेव्हाचं. तिथे हेतू भाषेचा नव्हता. गोरी आणि काळी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, त्यांनी एकमेकांचं ऐकावं एवढ्यासाठी ती युक्ती होती. इंग्रजीच्या तासाला ती आयती लागू पडते, कारण ऐकल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय काम पुढेच सरकत नाही.

मोगरा

बाकांचं सांगते. ठोकलेले बाक ही अडचण वाटते तेवढी नाही. पहिल्या रांगेने मागे वळायचं, दुसरी आहे तशीच. तिघं-तिघं समोरासमोर, सहा जण. त्यांचे तीन-तीनचे दोन गट, किंवा समोरासमोरच्या तीन जोड्या. चारच हवे असतील तर एका बाकावर दोघंच बसवा. वर्गात पस्तीसहून जास्त बाक असतील तर सत्तर जणांना तेवढी जागा होते, फक्त शेवटच्या बाकांवरची मंडळी पुढे यायला हवीत. त्यासाठी तास सुरू व्हायच्या आधी मागच्या दोन रांगांवर डस्टर, वह्या काहीतरी ठेवून द्या.

वळून बसताना पाय अडकतात म्हणून मुली एका बाजूने तिरक्या बसतात आणि दहा मिनिटांत मान अवघडते. त्यामुळे एका दमात १२ ते १५ मिनिटांपेक्षा जास्त नको.

दुसरं म्हणजे कायमचे गट करू नका. एसटीने येणारी मुलं पाऊस-पाण्याला, सुगीला, यात्रेला गैरहजर असतात. चौघांचा कायमचा गट सोमवारी दोघांचा आणि गुरुवारी एकाचा होतो. मूळ घटक जोडीचा धरायचा. शेजारचे दोघं ही जोडी, दोन जोड्या मिळून त्या दिवसाचा गट. जोडीतला एक आला नाही तर दुसरा शेजारच्या जोडीत तिसरा. जोड्या महिन्याने बदलायच्या.

आणि मुलगे-मुली. बऱ्याच गावांत वर्गाच्या दोन बाजू ठरलेल्या असतात. पहिल्याच आठवड्यात मिसळून बसवलंत तर चौघंही मान खाली घालून बसतील, इंग्रजी राहिलं बाजूला. पहिले तीन-चार आठवडे आपल्याच बाजूला. मग 'दूत' पद्धत: गटातला एक जण उठून दुसऱ्या गटाकडे जातो, त्यांचा निर्णय विचारून घेतो, दोन मिनिटांत परत येऊन सांगतो. कामापुरतं बोलणं झालं की संकोच पुष्कळ कमी होतो.

तिसरा बाक

'दूत' आवडला. खडूची पूड, माहितीच्या तुकड्यांचं एखादं पूर्ण उदाहरण द्याल का? तयारीसकट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नको, आठवड्याला चार तास असतात.

खडूची पूड

घ्या. चार मित्र मिळून भाड्याने खोली शोधतायत. तीन खोल्या बघितल्यात, एक निवडायची. चार चिठ्ठ्या.

अ चिठ्ठीवर तिन्ही खोल्यांचं दरडोई भाडं: पहिली २२००, दुसरी २८००, तिसरी २५००. ब चिठ्ठीवर अंतर: पहिली सहा किलोमीटर आणि बस चाळीस मिनिटांनी एक, दुसरी पायी दहा मिनिटं, तिसरी दोन किलोमीटर. क वर पाणी आणि जेवण: पहिलीत दिवसभर पाणी, दुसरीत सकाळी सहा ते सात, तिसरीत पाणी आहे पण स्वयंपाकाला मनाई. ड वर घरमालकाचे नियम: दुसरीचं फाटक रात्री साडेआठला बंद, बाकी दोन्हींना वेळेचं बंधन नाही.

शिवाय प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी त्या माणसाची एक अडचण, आणि खरी मेख इथे आहे. अडचण त्याच्याच चिठ्ठीतल्या माहितीशी जुळता कामा नये. २६०० च्या वर परवडत नाही, ही अडचण भाड्याची चिठ्ठी असलेल्याला दिली तर त्याला कुणाला काही विचारायची गरज राहत नाही. ती द्या ब ला. रात्री नऊपर्यंत दुकानात काम करतो, ही क ला. बाहेरचं खाणं सोसत नाही, स्वतः रांधावं लागतं, ही ड ला. सकाळी सातचा तास असतो आणि गाडी नाही, ही अ ला. आता प्रत्येकाला दुसऱ्याला प्रश्न विचारावाच लागतो.

दुसरी खोली दोघांना अडते म्हणून लवकर गळते. मग पहिली की तिसरी यावर घासाघीस होते, कारण पहिलीत अ अडकतो आणि तिसरीत ड. निर्दोष खोली एकही ठेवायची नाही. ठेवलीत तर तीन मिनिटांत 'मॅडम, फिनिश्ड' येतं.

वेळ: दोन मिनिटं मुकाट वाचन, दहा मिनिटं बोलणं, एक मिनिट निर्णय लिहिणं. वाचन संपलं की चिठ्ठी पालथी घालायची. हे विसरलात की चारही चिठ्ठ्या बाकाच्या मध्ये उलगडून ठेवल्या जातात, चौघं मिळून वाचतात आणि बोलणं संपतं. आकडे लक्षात राहत नसतील तर चिठ्ठीवर झटकन डोकवायला हरकत नाही, दाखवायला आहे.

चिठ्ठ्यांचा खर्च: चारही चिठ्ठ्या एका ए-फोर पानावर बसतात. सत्तर मुलांना अठरा प्रती, कापायला दहा मिनिटं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला चिकटवल्यात तर पुढची तीन-चार वर्षं टिकतात.

फळ्यावर तीनच वाक्यं, जास्त नाहीत: 'हाऊ मच इज द रेंट ऑफ रूम टू?', 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?', 'दॅट वोन्ट वर्क फॉर मी, बिकॉज...'. दहा वाक्यं लिहिलीत तर मुलं फळाच वाचत बसतात.

बंगळूरचा पाहुणा

उत्साहावर थोडं पाणी. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प (१९७९ ते १९८४) कामांवर आधारलेल्या शिकवण्याचा आद्य प्रयोग मानला जातो. माहितीची दरी (एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नाही), तर्काची दरी (दिलेल्यावरून निष्कर्ष काढायचा), मताची दरी (स्वतःचं मत मांडायचं) ही कामांची वर्गवारी तिथलीच. आणि गंमत अशी की त्या प्रकल्पात गटकार्य जाणूनबुजून टाळलं होतं. कारण साधं होतं. सगळ्यांचंच इंग्रजी कच्चं असेल तर एकमेकांचं कच्चं इंग्रजी ऐकून तेच पक्कं होतं. शिक्षकाच्या तोंडचं बरं इंग्रजी कानावर पडायला हवं. प्रभूंना माहितीच्या दरीपेक्षा तर्काची दरी जास्त मोलाची वाटायची. वरच्या खोलीच्या खेळात मुलं 'रेंट टू थाउजंड, बस फॉर्टी मिनिट्स' असं तारेच्या भाषेत काम उरकतील. व्याकरण कुठे आहे त्यात?

खडूची पूड

रास्त आक्षेप. दोन गोष्टी. प्रभूंचे वर्ग शाळकरी मुलांचे होते आणि तिथे एकमेकांना विचारायला बंदी नव्हती, गट पाडणं नव्हतं एवढंच. आणि दुसऱ्या बाजूनेही लिहिलं गेलंय. मायकल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून मांडलं की शिकणारे एकमेकांशी बोलताना जास्त चुका करतात असं दिसत नाही, उलट अर्थासाठी घासाघीस जास्त करतात.

तारेच्या भाषेचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. म्हणून तर अडचणी टाकल्यात. 'परवडत नाही', 'चालणार नाही', 'त्यापेक्षा हे बरं' यासाठी पूर्ण वाक्य लागतं, तर्कही लागतो. म्हणजे तुमच्या प्रभूंची दुसरी दरी त्यातच आली.

शब्दवेडी

चुकांबद्दल मला वाटतं दोघंही अर्धंच सांगताय. गटातल्या कुठल्या चुका दुरुस्त होतात आणि कुठल्या नाहीत, हे बघायला हवं.

'ही डोन्ट नो' कुणी म्हणालं तर चौघांतला एखादा 'डझन्ट' म्हणतोच. पण जी चूक मराठीतून आलीय ती चौघांनाही बरोबर वाटते, कारण चौघांची मराठी एकच. 'पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' याचं 'आय अॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' होतं, कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. 'त्याने मला म्हटलं' म्हणून 'ही सेड मी'. 'त्यावर चर्चा करू' म्हणून 'डिस्कस ऑन दॅट'. 'त्याच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हिम'. या चुका गटात हजार वर्षं बसवल्या तरी दुरुस्त होणार नाहीत. इथे शिक्षकच लागतो.

पण बोलणं चालू असताना मध्ये टपकून नव्हे. गट बोलत असताना वही घेऊन फिरायचं आणि कानावर पडलेली आठ-दहा वाक्यं नावाशिवाय टिपायची. शेवटच्या आठ मिनिटांत त्यातली सहा फळ्यावर. त्यात दोन बिनचूक आणि चांगली असावीत, नाहीतर मुलं फळ्यावरचं प्रत्येक वाक्य चुकीचंच धरून बसतात. जोडीजोडीने ठरवायचं: बरोबर कुठलं, चूक कुठलं, दुरुस्ती काय. वर दिलेल्या खोलीच्या खेळात हमखास सापडणारं: 'व्हॉट टाइम द गेट इज क्लोजिंग?' त्यातून 'व्हॉट टाइम डझ द गेट क्लोज?' पर्यंत मुलं स्वतः येतात, फक्त 'सवयीची गोष्ट आहे की आत्ता चालू आहे?' एवढं विचारावं लागतं.

फिरताना एक पथ्य: गटापाशी उभं राहू नका. उभं राहिलात की सगळे तुमच्याकडे बघून बोलायला लागतात. पाठ करून शेजारच्या गटाचं ऐकतोय असं दाखवायचं आणि कान मागे.

नीरक्षीर

मराठीवर कुणी बोललंच नाही. 'मराठी बोलल्यास एक रुपया दंड' हा प्रकार अजून चालतो. दंड लावला की मुलं इंग्रजी बोलतात असं नाही, गप्प बसतात. शांत वर्ग बघून प्राचार्य खूश, एवढाच फायदा.

मराठीची जागा ठरवून द्या. काम सुरू होण्याआधी दोन मिनिटं मराठीत: 'काय करायचंय, कुणाकडे काय आहे.' नंतर इंग्रजी. अडलं तर 'हाऊ डू वी से परवडत नाही इन इंग्लिश?' असं मधला मराठी शब्द तसाच ठेवून विचारायचं, हे वाक्य पहिल्या दिवशी घोकून घ्यायचं. 'परवडत नाही' साठी शब्द शोधताना जी चर्चा होते ती मराठीत झाली तरी काम इंग्रजीचंच चाललेलं असतं. सोलापूर, नांदेडकडच्या वर्गांत कन्नड, तेलुगू, उर्दू घरी बोलणारी मुलंही असतात. त्यांच्यासाठी 'मराठीत समजावून सांग' हे दरवेळी सोपं नसतं, तेव्हा अशा गटात इंग्रजी आपसूक वाढतं.

सूचना मात्र इंग्रजीत द्या आणि कुणाला तरी मराठीत परत सांगायला लावा. 'अंडरस्टूड?' विचारल्यावर सत्तर जणांचं एकसुरी 'येस मॅडम' येतं, त्याला काही अर्थ नसतो.

मोगरा

बोलक्या पोपटांचं काय करायचं ते राहिलं. चिंचोके! प्रत्येकाला तीन. बोललं की एक मध्ये टाकायचा, तिन्ही संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत गप्प. वर्गाला २५२ लागतात, उन्हाळ्यात घरोघरी चिंच फोडतात तेव्हा पिशवीभर मिळतात.

बिघडतं कुठे? काही जण 'येस' म्हणून एक टाकतात, 'आय अग्री' म्हणून दुसरा, आणि सुटले. म्हणून नियम: चिंचोका टाकायचा तर कारणासकट वाक्य किंवा प्रश्न हवा. आणि हा खेळ महिन्यातून एकदाच. रोज केलात तर मुलं मोजत बसतात, बोलत नाहीत. शेवटच्या बाकावरून चिंचोके फेकाफेकीही होते, ते गृहीत धरा.

लेखनिक कुणाला करायचं यातही युक्ती आहे. आपण सवयीने चांगलं इंग्रजी येणाऱ्या मुकाट मुलीच्या हातात पेन देतो. उलटं करा. सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला लेखनिक करा, आणि त्याने दुसऱ्यांनी सांगितलेलंच लिहायचं. हात गुंतला की तोंड थांबतं. गटाच्या वतीने बोलणारा आधी ठरवू नका. प्रत्येकाला एक ते चार क्रमांक द्या आणि वेळ संपल्यावर चिठ्ठी काढा: 'प्रत्येक गटातला तीन नंबर उभा राहील.' शेवटच्या मिनिटाला आख्खा गट आपल्या कच्च्या गड्याला तयार करताना दिसतो. वर्गातलं सगळ्यात खरं शिकवणं त्या एका मिनिटात चालतं.

शब्दवेडी

लेखनाच्या तासासाठी डिक्टोग्लॉस सुचवते. ऑस्ट्रेलियातल्या रूथ वाइनरिब यांच्यामुळे १९९० च्या सुमारास रूढ झालं. साठ ते ऐंशी शब्दांचा उतारा, विषय ओळखीचा. पहिल्यांदा वाचताना पेनं खाली, नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा वाचताना सुटे शब्द टिपायचे. मग तिघांनी मिळून १५ मिनिटांत तो उतारा पुन्हा उभा करायचा. शब्दाला शब्द नाही, पण अर्थ सगळा आणि व्याकरण नीट. एका गटाला एकच कागद.

इथे दोन ठिकाणी गाडी घसरते. एक, शिक्षक दयेपोटी सावकाश वाचतात. मग मुलं सगळंच लिहून घेतात आणि उरतं ते श्रुतलेखन. नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने वाचा, वाक्यांमध्ये श्वासापुरतं थांबा. दोन, उतारा अवघड निवडला जातो. अनोळखी शब्द दोनपेक्षा जास्त नकोत, तेही आधी फळ्यावर.

फायदा बघा. उताऱ्यात 'अ मॅन गॉट ऑन द बस अॅट स्वारगेट. द मॅन वॉज कॅरिंग अ केज' असं काही असेल तर तिघांच्या टिपणात फक्त 'मॅन, बस, स्वारगेट, केज' असतं. मग वाद होतो: 'अ मॅन' का 'द मॅन'? मराठीत 'एक माणूस' आणि 'तो माणूस' वेळेला म्हणतोच आपण, पण सक्ती नाही, त्यामुळे मुलं दोन्ही गाळतात. इथे त्यांना ठरवावंच लागतं. नियम सांगून चार तास गेले तरी हा वाद वर्गात होत नाही.

हिशेबनीस

गुणांवर येतो, कारण शेवटी भांडणं तिथेच. अंतर्गत गुण प्रत्येक विद्यापीठात वेगळे, हिशोबापुरते २० धरू. सगळे २० गटाला सारखे दिलेत तर काम करणारी चिडते आणि न करणारा हसतो. सगळे २० वैयक्तिक दिलेत तर गटात कोण कशाला कुणाला समजावेल?

गटाला ८, व्यक्तीला १२. व्यक्तीच्या १२ मधले ६ दोन मिनिटांच्या तोंडी प्रश्नांना. प्रश्न स्वतःच्या वाट्यावर नव्हे, जोडीदाराच्या वाट्यावर विचारायचे. चार गुण कच्च्या मसुद्याच्या हस्तलिखित पानांना, खाडाखोडीसकट. दोन गुण चार ओळींच्या टिपणाला: मी काय केलं, दुसऱ्याकडून काय घेतलं.

गटाचे ८ थोडे हलवायचे असतील तर प्रत्येकाने उरलेल्या तिघांत ३० गुण वाटायचे, गुप्त चिठ्ठीवर. सगळं समान असेल तर प्रत्येकाला तिघांकडून मिळून ३० येतात. कुणाला २४ आले तर त्याचा गुणक ०.८, म्हणजे गटाला पूर्ण ८ मिळाले असतील तर त्याला ६.४. गुणक ०.७ च्या खाली नेऊ नका, तिघं जण ठरवून चौथ्याचा काटाही काढू शकतात. आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर १०-१०-१० येतं, मैत्रीखातर. त्यावर उपाय म्हणजे आकड्यापुढे एक ओळ सक्तीची: 'हिने नेमकं काय केलं?' ओळ रिकामी असेल तर आकडा धरायचा नाही.

सत्तर जणांची दोन-दोन मिनिटांची तोंडी म्हणजे १४० मिनिटं, अदलाबदलीसकट चार तास जातात. तेवढे तास वेळापत्रकात आधीच राखून ठेवा. नाहीतर शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना १५ द्यावे लागतात, तेही अंदाजपंचे दाहोदरसे.

नीरक्षीर

घरी करायच्या गट-प्रकल्पाबद्दल: एका गटाची एकच सामायिक गूगल डॉक फाइल करा आणि शिक्षकाला संपादनाचा अधिकार ठेवा. बदलांच्या इतिहासात कुणी केव्हा काय लिहिलं ते दिसतं. रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी सहाशे शब्द एका फटक्यात उमटले असतील तर ते कुठून तरी उचललेले आहेत. मशीनने लिहिलेलं असेल तरी असंच उमटतं.

यातला खड्डा: पुष्कळ गटांत चौघांत एकाचाच डेटा चालू असतो, त्याच्याच खात्यावरून चौघं टाइप करतात. मग इतिहासात एकटाच दिसतो आणि बाकीच्यांवर अन्याय होतो. म्हणून मी वरच्या हस्तलिखित मसुद्याच्या बाजूने. पहिला मसुदा तासाला, कागदावर, फोन दप्तरात. टंकलेखन घरी.

व्हॉट्सअॅपवर मात्र लेखी नको, आवाजी निरोप मागा. चाळीस सेकंदांचा, इंग्रजीत, 'माझ्या वाट्याचं आज एवढं झालं.' वर्गात तोंड न उघडणारी मुलंही तो चार वेळा पुसून पाचव्यांदा नीट पाठवतात. तेवढा सराव झालाच.

कॅम्पसवाला

तुम्ही ज्याला गटकार्य म्हणताय आणि नोकरीच्या निवडीत जे जीडी (ग्रुप डिस्कशन) होतं, त्याची गल्लत करू नका एवढंच सांगायला आलो. तिथे आठ-दहा जण, पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला मागे टाकायला बसलेला असतो. तृतीय वर्षात त्याची तालीम जरूर घ्या. पण प्रथम वर्षाला आठ जणांचं जीडी लावलंत की मासळीबाजार होतो आणि कच्ची मुलं तिथेच कायमची मिटतात.

तिसरा बाक

सगळ्यांचे आभार, वाखू (वाचनखूण) साठवली आहे. एक शेवटचं. ४-३-२ नावाचा प्रकार वाचला: एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या जोडीदारांना चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगायची. तिघांच्या ठोकलेल्या बाकावर जोडीदार कसे बदलायचे? सत्तर मुलं उठली तर पुन्हा बसेपर्यंत तास संपेल. आणि आवाजाचं काय, शेजारी अर्थशास्त्राचा तास असतो.

मोगरा

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लिखाणामुळे गाजलेलं तंत्र. प्रथम वर्षाला चार मिनिटं झेपत नाहीत, दोन, दीड आणि एक करा. विषय सोपा: गावाहून कॉलेजला कसं येतो, किंवा पिठलं कसं करतात. गोष्ट तीच ठेवायची, वेळ घटत जातो म्हणून अडखळणं कमी होतं. नवीन माणूस ऐकतोय म्हणून कंटाळा येत नाही.

बाकांचं असं: पहिल्या रांगेने मागे वळायचं, दुसरी जागेवरच. समोरासमोर तीन जोड्या. पहिली फेरी झाली की वळलेल्या तिघांनी एक-एक जागा उजवीकडे सरकायचं, उजव्या टोकाच्याने डावीकडे यायचं. दुसरी फेरी झाली की पुन्हा एकदा. तीन फेऱ्यांत प्रत्येकाला तीन वेगळे ऐकणारे मिळतात आणि बाकाबाहेर पाय टाकावा लागत नाही. तिघांच्या बाकाचा एवढा एक फायदा. एका बाजूला सरकण्यासकट साडेपाच मिनिटं लागतात, मग दुसऱ्या बाजूची पाळी. रांगा विषम असतील तर शेवटच्या बाकाने आपल्यातच करायचं, एक सांगणार, दोघं ऐकणार.

आवाजासाठी ओरडू नका. पहिल्या आठवड्यात खूण शिकवा: बाईंचा हात वर गेला की दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. पंधरा-वीस सेकंदांत लाट मागच्या भिंतीपर्यंत जाते. अर्थशास्त्राच्या सरांना मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि मधल्या भिंतीकडच्या खिडक्या लावून घ्या.